जहाजे मोजावीत की पाण्यावरचे तास?

नौदलात नवी गस्ती नौका दाखल झाली की तिची लांबी, वजन, वेग आणि तोफ या चार गोष्टी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात हमखास छापून येतात. ती नौका पुढच्या वर्षभरात किती दिवस समुद्रावर होती हे मात्र कोणी छापत नाही, आणि वाचकही विचारत नाहीत. किनाऱ्याच्या सुरक्षेविषयीची आपली सार्वजनिक चर्चा या एका सवयीमुळे वाकडी झाली आहे, असे माझे मत आहे. ठाणे खाडीच्या पूर्वकाठावर, म्हणजे नवी मुंबईत, राहणाऱ्या माणसाला तर ती आणखीच परकी वाटते, कारण बातमीतले जहाज वाशीच्या पुलाच्या अलीकडे येऊच शकत नाही.

उदाहरणासाठी कार निकोबार वर्ग घेऊ. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने बांधलेल्या या वर्गातील ‘कार निकोबार’ आणि ‘चेटलाट’ या पहिल्या दोन नौका फेब्रुवारी २००९ मध्ये चेन्नईत नौदलात दाखल झाल्या. पुढे या वर्गाच्या एकूण दहा नौका झाल्या आणि २०१६-१७ मध्ये सुधारित बांधणीच्या आणखी चार आल्या. त्यांतली ‘तरासा’ सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईतच दाखल झाली. नावे सगळी बेटांची. मुंबईवरील हल्ल्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी पहिली जोडी आल्यामुळे अनेकांनी तिला त्या हल्ल्याचे उत्तर मानले. वास्तविक तिची बांधणी हल्ल्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. नौका सुमारे ४९ मीटर लांब, वजनाने तीनशे टनांच्या थोडी वर. तिला पंख्याऐवजी वॉटरजेट आहेत, म्हणजे तळाकडून पाणी खेचून ते मागे जोराने फेकायचे आणि त्या धक्क्यावर पुढे जायचे. तळाखाली पंखा लोंबत नसल्यामुळे उथळ पाण्यात तिला तळ घासण्याची भीती कमी असते आणि ३० नॉटपेक्षा अधिक, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या पुढचा वेग तिला सहज गाठता येतो. वर ३० मिलिमीटरची तोफ.

या वर्णनातच तिचे काम सांगितलेले आहे. ही पाठलाग करणारी नौका आहे. कोणीतरी, कुठेतरी, काहीतरी संशयास्पद पाहिले आणि ते हिला वेळेत कळवले, तर ती जाऊन गाठेल, थांबवेल आणि गरज पडल्यास गोळी झाडेल. वॉटरजेट जोरात पळताना उत्तम चालते आणि रेंगाळताना डिझेल वाया घालवते, हे यंत्रशास्त्र जाणणारा कोणीही सांगेल. धावण्यासाठी घडवलेल्या घोड्याला आपण रात्रभर वेशीवर येरझाऱ्या घालायला लावतो आणि त्याला पाळत म्हणतो. नौकेत दोष नाही, दोष आपल्या अपेक्षेत आहे.

थोडा हिशेब मांडून पाहू. काटकसरीने जायचे तर अशी नौका १२ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाने जाईल. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा हे आपण शाळेत पाठ केले आहे. अलीकडच्या फेरमोजणीत, खाड्यांच्या खाचाखोचा अधिक बारकाईने धरल्यावर, तो ८७० किलोमीटरच्या वर गेला. जुनाच आकडा धरला तरी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला तिला सुमारे ३२ तास लागतील. उलट किनाऱ्यापासून ५ सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे ९ किलोमीटरवर, पाण्यात सोडलेली रबरी होडी साध्या यंत्रावर अर्ध्या-पाऊण तासात वाळूला लागते. शिवाय १४ नौका म्हणजे १४ नौका नव्हेत. एक २०२३ मध्ये मालदीवला दिली गेली, उरलेल्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांत आणि बेटांत वाटलेल्या आहेत. कोणत्याही ताफ्यात काही नौका दुरुस्तीला, काही सरावाला किंवा परतीच्या वाटेवर असतात आणि ढोबळमानाने एकतृतीयांश प्रत्यक्ष गस्तीवर असतात. हे लक्षात घेतले की आपल्या वाट्याला येणारे पाळतीचे छत्र किती विरळ आहे ते उमगते. नौका दुप्पट केल्या तरी ३२ तासांचे १६ होतील. अर्धा तास काही होणार नाही.

आता ज्या दोन घटनांमुळे या विषयाला महाराष्ट्रात धार आली त्यांकडे पाहू. १९९३ च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके आणि शस्त्रे उतरली आणि १२ मार्चच्या स्फोटांत २५७ माणसे गेली. तो माल जहाजांच्या अभावी उतरला नाही; किनाऱ्यावर ज्यांनी तो अडवायचा त्यांनी पैसे घेऊन डोळे मिटले म्हणून उतरला, आणि सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील माणसे त्यासाठी दोषी ठरली. त्याच वर्षी नौदल, तटरक्षक दल आणि सीमाशुल्क विभाग यांची संयुक्त गस्त ‘ऑपरेशन स्वान’ या नावाने महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर सुरू झाली. ती सुरू असतानाच २००८ चा नोव्हेंबर उजाडला. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून दहा जण मुंबईजवळ आले आणि रबरी होडीने कफ परेडच्या मच्छीमार नगरापाशी उतरले. तेथील रहिवाशांनी त्यांना उतरताना पाहिले, कोण आहात म्हणून हटकलेही. किनाऱ्यावरच्या साध्या माणसांचा डोळा बिनचूक चालला होता. मात्र त्या डोळ्यापासून एखाद्या शस्त्रधारी तुकडीपर्यंत जाणारी वाट अस्तित्वात नव्हती. सारे नवे जहाजबळ त्या न बांधलेल्या वाटेच्या बदल्यात मिळालेले आहे, हे कटू वाटले तरी खरे आहे.

हल्ल्यानंतर काही झालेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. फेब्रुवारी २००९ मध्ये किनारी सुरक्षेसह एकूण सागरी सुरक्षेची अंतिम जबाबदारी नौदलाकडे सोपवण्यात आली. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअर येथे संयुक्त कार्य केंद्रे उभी राहिली. नौदलाने सागर प्रहरी बल उभारून त्याला ८० वेगवान नौका दिल्या. किनाऱ्यावर आणि बेटांवर पहिल्या टप्प्यात ४६ रडार बसले. २०१९ पासून ‘सी व्हिजिल’ हा देशव्यापी सराव होतो आणि राज्याराज्यांत ‘सागर कवच’ होते, ज्यात आपलीच माणसे घुसखोर बनून येतात. हे काम मोठे आहे. तरीही ३१ जुलै २०११ रोजी ‘पवित’ नावाचे सुमारे हजार टनांचे तेलवाहू जहाज, ज्यावर एकही माणूस नव्हता, ओमानच्या बाजूने आठवडेच्या आठवडे वाहत येऊन जुहूच्या किनाऱ्याला लागले. सामान्य माणसाला ते तेव्हा दिसले जेव्हा ते वाळूत रुतले. यंत्रणेलाही त्याच सुमारास. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला ‘लेडी हान’ ही बेवारस यॉट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या. घातपाताचा हेतू नव्हता हे नंतर स्पष्ट झाले, पण जूनमध्ये खलाशांनी सोडलेली ती नाव दोन महिने अरबी समुद्रात तरंगत आपल्या किनाऱ्यापर्यंत आली.

या दोन्ही घटना पावसाळ्यातल्या आहेत, आणि इथे मोठ्या नौकेची बाजू मला मनापासून मांडावीशी वाटते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बऱ्याच होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावरच शाकारलेल्या असतात. म्हणजे एरवी हजारो डोळे जो समुद्र राखतात तो या दिवसांत ओस पडतो. पोलिसांच्या छोट्या बोटी त्या खवळलेल्या पाण्यात जाऊ शकत नाहीत. लाटांच्या गर्दीत रडारवरचा लहानसा ठिपकाही हरवतो. अशा वेळी बाहेर राहू शकेल अशी नौका लागते, आणि त्यासाठी ४९ मीटरही अपुरे पडू शकतात. १०५ मीटर लांबीची, सरयू वर्गासारखी नौका अधिक योग्य. त्याच वर्गातील ‘सुमित्रा’ने जानेवारी २०२४ च्या अखेरीस सोमालियाच्या पूर्वेला एका पाठोपाठ एक दोन इराणी मासेमारी नौका चाच्यांच्या तावडीतून सोडवल्या. ते काम दुसऱ्या कोणाकडून झाले नसते. मार्च २०२३ मध्ये ११ नव्या गस्ती नौकांसाठी गोवा आणि गार्डन रीच गोद्यांशी ९,७८१ कोटी रुपयांचे करार झाले, त्यांना माझा विरोध नाही. या नौका आल्यावर ‘आता किनारा सुरक्षित झाला’ असे जे वाक्य ठरून बोलले जाते, त्याला मात्र आहे. त्या किनाऱ्यासाठी नाहीत. किनाऱ्यापासून दूर असलेल्या समुद्रासाठी आहेत.

किनारा म्हणजे काय, हे ठाण्यात उभे राहून पाहावे. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याकडे उघडा समुद्र उत्तन-चौक-पालीच्या बाजूला तेवढा उरला. बाकी सगळी खाडी. उत्तरेला उल्हास नदीचे मुख, मध्ये ठाण्याजवळची चिंचोळी पट्टी, दक्षिणेला ऐरोली, वाशी, बेलापूर ओलांडून मुंबई बंदरात उघडणारे रुंद पाणी. ओहोटीला या खाडीत चिखलाचे एवढे पठार उघडे पडते की रोहितपक्ष्यांना त्यावर निवांत चरता येते, म्हणूनच ते अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेले. उधाणाच्या दिवशी मात्र भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो आणि तेच पठार खोल पाण्याखाली जाते. याच पाण्याच्या एका काठावर ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, दुसऱ्या काठावर न्हावा-शेवाचे बंदर, आणि जानेवारी २०२४ पासून दोन्ही काठ जोडणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू. देशातील एवढे मोलाचे ऐवज एवढ्या उथळ पाण्याच्या काठी क्वचितच एकत्र असतील. इथली पाळत कोणत्याही वर्गाच्या नौकेने होणार नाही. ती सपाट तळाच्या, चिखलाला न घाबरणाऱ्या, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, पाण्यातही हलू शकणाऱ्या बोटीने होईल, आणि कोणता फाटा कोणत्या तासाला कोरडा पडतो हे जाणणाऱ्या माणसाने होईल.

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाड्यांत जहाजबांधणीला हात घातला, हे आमच्याकडे प्रत्येक व्यासपीठावरून सांगितले जाते. त्या आरमारात तोफा वाहणारे गुराब होते तशीच उथळ पाण्यात शिरणारी हलकी गलबतेही होती, हा उत्तरार्ध भाषणात सहसा येत नाही. जून २०२५ मध्ये नौदलात आलेल्या उथळ पाण्यातील पाणबुडीविरोधी नौकेला ‘अर्नाळा’ हे नाव मिळाले, याचा वसई-ठाण्याच्या माणसाला अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. पण ७७ मीटरची ती ‘अर्नाळा’ अर्नाळ्याच्या जेट्टीला लागणार नाही. तिथे लागणारी बोट पोलिसांचीच असेल, आणि ती चालू असेल का, हा खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न निव्वळ टवाळीचा नाही. किनारी सुरक्षा योजनेच्या २००५ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात देशभर ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ बोटी मंजूर झाल्या, पुढच्या टप्प्यात आणखी ठाणी आणि बोटी. बोट केंद्राने दिली. डिझेल, माणसे आणि दुरुस्ती राज्याकडे आली. इथेच गाडी अडते. बोटीचे यंत्र खाऱ्या पाण्यात सतत चालवले नाही तर झिजण्याआधी गंजते. सुटा भाग मागवायचा तर निविदा, निविदेला मंजुरी, तोवर पावसाळा. तांडेल, म्हणजे बोट हाकणारा प्रमुख, आणि यंत्रचालक कंत्राटावर. पोलीस शिपाई जमिनीवरच्या ठाण्यातून बदली होऊन आलेला, ज्याला पोहता येत असेलच असे नाही आणि जो तीन वर्षांनी पुन्हा जमिनीवर जाणार. सागरी पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी गुजरातेत ओखा येथे राष्ट्रीय अकादमी झाली हे चांगलेच, पण तिथे शिकून आलेल्या माणसाची पुढच्याच वर्षी वाहतूक शाखेत बदली झाली तर त्या शिक्षणाचे काय? खाडीकाठच्या एका धक्क्यावर मी गेल्या हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा फिरायला जात असे. तिथे बांधलेल्या गस्ती बोटीचा दोर मला एकदाही सुटलेला दिसला नाही. दोरावर शेवाळ धरले होते. एका माणसाच्या पाहण्यावरून सगळ्या दलाविषयी निष्कर्ष काढणे चूक ठरेल, हे मला मान्य आहे. पण खरी स्थिती काय हे जाणून घ्यायला नागरिकाकडे त्या शेवाळाखेरीज दुसरे साधन नाही, ही माझी तक्रार आहे.

खाडीत पाळत आहे की नाही याची एक सोपी परीक्षा इथले लोक रोज घेत असतात. मुंब्रा, काल्हेर, रेतीबंदर या बाजूला रात्री सक्शन पंप लावून बेकायदा रेतीउपसा चालतो. महसूल विभाग अधूनमधून धाड घालतो, बार्ज जाळतो किंवा बुडवतो, चार दिवस शांतता राहते आणि मग पुन्हा धडधड ऐकू येते. बार्ज काही रबरी होडी नव्हे. तो मोठा असतो, आवाज करतो, तासन्‌तास एका जागी उभा असतो. तो ज्या यंत्रणेला दिसत नाही, किंवा दिसूनही दिसत नाही, तिला अंधारात आवाज बंद करून येणारी होडी दिसेल यावर कोणी का विश्वास ठेवावा? शेखाडीच्या वेळी जी नजर विकली गेली होती तिची किंमत आज रेतीच्या भावाने ठरत असेल, तर प्रश्न सुरक्षेचाच आहे. पर्यावरणाच्या खात्यात ढकलून तो सुटत नाही.

हद्दींचा गोंधळ वेगळाच. एकाच खाडीच्या पाण्यावर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई अशी तीन पोलीस आयुक्तालये आहेत. वसई खाडीच्या बाजूला २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार हे चौथे. नवी मुंबईकडे एनआरआय आणि मोरा ही सागरी पोलीस ठाणी. शिवाय बंदरांची आपापली सुरक्षा, सीमाशुल्क, मत्स्यव्यवसाय विभाग, मेरिटाइम बोर्ड, तटरक्षक दल आणि नौदल. पाण्यावर रेघ ओढता येत नाही, पण कागदावर आहे. आणि होडी ती रेघ ओलांडते तेव्हा तिचा पाठलाग करणाऱ्याला आधी वायरलेसवर विचारावे लागते. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी हत्यारबंद माणसे पाहिल्याचे सांगितले तेव्हा नौदल, पोलीस आणि राष्ट्रीय सुरक्षा दल सगळे धावले, दोन दिवस झडती झाली, काही सापडले नाही. नंतर त्या मुलांची थट्टा झाली. मला ती थट्टा घातक वाटली. मुलांनी जे करायला हवे होते तेच केले, आणि मच्छीमार नगरात जी वाट नव्हती ती त्या दिवशी, अडखळत का होईना, चालू लागली होती.

त्या वाटेवरचे मुख्य माणूस म्हणजे कोळी. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, घणसोली, चेंदणी, उत्तन, मोरा, करंजा इथल्या तांडेलाला परकी होडी ओळखायला रडार लागत नाही. नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, आकार, जाळ्याची जात, यंत्राचा आवाज यांवरून तो ती कुठली हे सांगतो. मात्र गेल्या पंधरा वर्षांत सुरक्षेच्या नावाखाली या माणसाकडे राज्याने मुख्यतः संशयित म्हणून पाहिले आहे. निघताना टोकन, परतल्यावर नोंद, ओळखपत्र, परवाना, आणि एवढे करून पाण्यात थांबवून पुन्हा तीच विचारपूस. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांनी मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर, म्हणजे नौकेचे ठिकाण आपोआप कळवणारी यंत्रे, बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ केला; खर्च सुमारे ३६० कोटी, म्हणजे वर सांगितलेल्या एका नव्या गस्ती नौकेच्या निम्म्याहून कमी. वीस मीटरपेक्षा लहान नौका आजवर स्वयंचलित ओळखयंत्रणेच्या सक्तीबाहेर होत्या, म्हणून ही योजना महत्त्वाची आहे. पण जाळे कुठे टाकतो हे तांडेल सख्ख्या भावाला सांगत नाही. ते सरकारला कळणार, आणि उद्या त्यावरून दंड लागणार किंवा डिझेलचा परतावा अडणार, अशी शंका त्याच्या मनात राहिली तर यंत्र बसेल आणि बंदही राहील. ती शंका नुसत्या परिपत्रकाने जाणार नाही; ही माहिती दंडासाठी वापरली जाणार नाही असे नियमातच लिहावे लागेल.

एवढी भरवशाची माणसे काठावर असताना सागरी पोलिसांत खलाशी आणि तांडेल म्हणून त्यांची कायम भरती का होत नाही, हे मला कळलेले नाही. सागर सुरक्षा दलाच्या नावाने स्वयंसेवक नेमलेले आहेत. त्यांना टोपी आणि शिट्टी मिळते, मानधनाचा पत्ता नसतो. किनारी सुरक्षेसाठी १०९३ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे दूरध्वनी क्रमांक आहेत, पण खाडीकाठच्या किती सोसायट्यांच्या फळ्यावर ते लिहिलेले आहेत? हे उपाय स्वस्त आहेत, आणि स्वस्त असल्यामुळेच मागे पडतात, कारण त्यांचे जलावतरण होत नाही आणि नारळ फोडायला कोणी येत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे: कोणती बोट कधी बाहेर असते हे जाहीर केले तर शत्रूलाच वेळापत्रक मिळेल. वेळापत्रक जाहीर करू नये, हे मान्यच. पण सरलेल्या वर्षात अमुक जिल्ह्यातील बोटी एकूण किती तास पाण्यावर होत्या, त्यांना किती डिझेल मिळाले, किती महिने किती बोटी नादुरुस्त होत्या, ही बेरीज सांगितल्याने कोणाला काही मिळत नाही. मिळालेच तर एवढेच कळेल की तास वाढले की घटले. आणि बोटी बंद असतील तर ते खाडीत रात्री वावरणाऱ्या प्रत्येक रेतीवाल्याला आज माहीत आहे. माहीत नाही ते फक्त करदात्याला.

म्हणून ठाणे, बेलापूर, ऐरोली आणि उरणच्या आमदारांकडे माझे मागणे लहान आहे. येत्या अधिवेशनात गृह विभागाला एक तारांकित प्रश्न विचारावा. उत्तरात नेहमीप्रमाणे तक्ता जोडला जाईल: मंजूर बोटी, प्राप्त बोटी, मंजूर पदे, भरलेली पदे. त्या तक्त्यात ‘वर्षभरात पाण्यावर घालवलेले तास’ असा आणखी एक रकाना मागावा, आणि तो रिकामा आला तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा लावावा.